निवृत्तीचे गाव : बिठूर, सरे आणि पुणे

३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या छावणीत दाखल झाला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. खडकीच्या लढाईला सात महिने होत आले होते. कोरेगाव झाले होते, आष्टीला बापू गोखले पडले होते, आणि पेशव्यांचा मुक्काम दर दोन-तीन दिवसांनी हलत हलत अशीरगडाच्या परिसरात येऊन अडकला होता. माल्कमने त्याच्यापुढे ठेवलेल्या अटी शाळेच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतात : गादीवरचा हक्क सोडावा आणि वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घ्यावे. मूळ अटींमध्ये आणखी एक कलम होते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेच आहे. बाजीरावाने दक्षिणेत राहायचे नाही. काशीला किंवा हिंदुस्थानातल्या दुसऱ्या एखाद्या क्षेत्री, गव्हर्नर जनरल ठरवील तिथे, राहायचे. विचार करायला चोवीस तास होते.

आजकाल निवृत्तीनंतर कुठे राहावे याची चर्चा घरोघर चालते. पुण्यातला फ्लॅट ठेवावा की विकावा, कोकणातले घर दुरुस्त करावे का, मुलांजवळ बंगळूरला किंवा न्यू जर्सीला जावे का, की ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एखाद्या संकुलात नाव नोंदवावे. हवा, पाणी, दवाखाना, खर्च, माणसे असे रकाने पाडून आपण बेरीज-वजाबाकी करतो. हा हिशेब अलीकडचा आहे, पूर्वी माणसे जन्मली त्या घरातच म्हातारी होऊन मरत, अशी आपली समजूत असते. बहुसंख्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. पण ज्यांच्याकडे सत्ता किंवा पगार होता आणि तो एके दिवशी थांबला, त्यांना हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीही पडला होता, आणि त्यांची उत्तरे कागदोपत्री शिल्लक आहेत.

बाजीरावाच्या डोळ्यांसमोर एक घरचे उदाहरण होते. त्याचा दत्तक भाऊ अमृतराव याने १८०३ मध्येच इंग्रजांशी तह करून वर्षाला सात लाखांचे पेन्शन मिळवले होते. तो बुंदेलखंडात चित्रकूटजवळ कर्वी येथे राहिला आणि काशीशीही त्याचा संबंध राहिला. तिथेच १८२४ मध्ये तो वारला. सत्ता सोडून, तीर्थाच्या आसऱ्याने आणि इंग्रजांच्या पैशावर पेशव्यासारखे जगता येते हे त्याने दाखवून दिले होते. बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा याच्या वाट्यालाही काशीच आली.

काशीच का, याचे उत्तर मराठी वाचकाला सांगायला नको. तिथे मरण आले तर मुक्ती मिळते, ही श्रद्धा तर होतीच. शिवाय काशी दक्षिणी माणसाला परकी नव्हती. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकापासून तिथल्या विद्वत्तेवर आपला ठसा उमटवला होता. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट त्याच घराण्यातले. अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे देऊळ बांधले. शिंद्यांनी, भोसल्यांनी, पेशव्यांनी तिथे घाट आणि वाडे उभे केले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी कानांवर पडत होती. पंगतीला पुरणपोळी करणारा आचारी, श्राद्धाला आपल्या शाखेचा ब्राह्मण, पैसे ठेवायला ओळखीचा सावकार, हे सगळे काशीत मिळे. परदेशात राहायला जाताना आपण ‘तिथे महाराष्ट्र मंडळ आहे का’ असे विचारतो. त्या अर्थाने काशी हे सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे महाराष्ट्र मंडळ होते.

मग बाजीराव काशीला का गेला नाही? तर अटीत ‘काशी किंवा दुसरे क्षेत्र’ असे म्हटले असले तरी निवड त्याच्या हातात नव्हती. काशीत माणसांना आवडण्यासारखे जे जे होते, नेमके तेच कंपनी सरकारला अडचणीचे होते. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून यात्रेकरू येणार, बातम्या येणार, सावकारांच्या हुंड्या चारी दिशांना जाणार. अशा गावात पदच्युत पेशवा बसवणे म्हणजे त्याला आपण होऊन एक दरबार देणे. कंपनीला एक कडू अनुभवही होता. अयोध्येच्या गादीवरून उतरवलेल्या वजीर अलीला पेन्शन देऊन काशीत ठेवले होते. त्याला तिथून कलकत्त्याला हलवायचे ठरले तेव्हा, जानेवारी १७९९ मध्ये, त्याने कंपनीचा प्रतिनिधी चेरी याला त्याच्याच बंगल्यात ठार मारले. पेन्शनराला घर बदलायला लावणे किती जोखमीचे असते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

अखेर गाव ठरले ते बिठूर, म्हणजे ब्रह्मावर्त. कानपूरपासून काही कोसांवर, गंगेच्या उजव्या काठी. ब्रह्मदेवाने इथे अश्वमेध केला अशी कथा आहे, वाल्मीकींचा आश्रमही इथेच दाखवतात. म्हणजे क्षेत्र म्हणून गावात काही उणे नव्हते. तीर्थ खरे, पण लहान. गंगा खरी, पण काशीची गर्दी नाही. आणि कानपूरला कंपनीची मोठी लष्करी छावणी. १८१९ च्या सुरुवातीस बाजीराव तिथे पोचला, आणि त्याच्यावर देखरेखीसाठी जॉन लो हा अधिकारी नेमला गेला. माल्कमचा हाच सहायक शरणागतीच्या वाटाघाटींतही होता. आजच्या भाषेत सांगायचे तर बाजीरावाला हवे होते ते धर्म आणि माणसे, कंपनीला हवी होती ती शांतता आणि पाळत. बिठूरमध्ये दोन्ही बाजूंचे थोडे थोडे साधले. निवृत्तीचे गाव निवडताना निर्णय बहुधा ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याचा होतो. ज्याला तिथे राहायचे असते त्याला फार तर नकाराधिकार असतो, हे काही फक्त पेशव्यांनाच लागू नाही.

आठ लाखांचा आकडा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला भरमसाठ वाटला. माल्कमने शब्द दिला होता म्हणून तो मान्य झाला. पुढे जे घडले ते कंपनीच्या हिशेबनिसांना महाग पडले : बाजीराव जगला. थोडाथोडका नाही, जानेवारी १८५१ पर्यंत, म्हणजे साडेबत्तीस वर्षे. गुणाकार केला तर अडीच कोटी रुपयांच्या वर जातो. दख्खनच्या कोरड्या, थंड हवेत वाढलेल्या माणसाने गंगेच्या खोऱ्यातला बत्तीस वर्षांचा उन्हाळा, लू आणि पावसाळी दमट काहिली सोसली. तिथे त्याने आणखी लग्ने केली, अनुष्ठाने केली, दानधर्म केला, नाना धोंडोपंतांना १८२७ मध्ये दत्तक घेतले. अफगाण युद्धाच्या वेळी त्याने कंपनीलाच पाच लाख रुपये दिले असे इंग्रज इतिहासकार के नोंदवतो. ज्यांनी राज्य घेतले त्यांनाच त्यांनी दिलेल्या पेन्शनमधून मदत! मराठी इतिहासकारांनी या मदतीवरून बाजीरावाला बरेच झोडपले आहे. मला त्यात एक निवृत्त माणूस दिसतो : जुन्या कचेरीत अजून आपल्याला विचारतात, आपला शब्द अजून चालतो, हे स्वतःला पटवून देण्यासाठी धडपडणारा.

काशीचा मोह आणि कंपनीची नड यांतली ही ओढाताण बायजाबाई शिंद्यांच्या बाबतीत अधिकच उघडी पडते. दौलतरावांच्या मृत्यूनंतर ग्वाल्हेरचा कारभार पाहणाऱ्या या कर्तबगार बाईने १८२८ मध्ये काशीच्या ज्ञानवापीवर खांबांचा मंडप बांधला. १८३३ मध्ये दत्तक मुलाने, जनकोजीने, त्यांना ग्वाल्हेरबाहेर काढले. आग्रा, फतेहगड, प्रयाग असे तळ देत त्या फिरत राहिल्या. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्या छावणीतल्या भेटी फार जिव्हाळ्याने लिहिल्या आहेत. (एका बाजूला पाय टाकून बसायचे विलायती खोगीर बायजाबाईंना हास्यास्पद वाटले, आणि पार्क्सबाईंनी मग मराठी पद्धतीने घोड्यावर बसून दाखवले, हा प्रसंग मुळातून वाचावा असा आहे.) पण त्या भेटींच्या मागे खरा प्रश्न मुक्कामाचाच होता. बाईंना उत्तर सोडायची नव्हती. कंपनीला त्या ग्वाल्हेरपासून दूर, दक्षिणेत हव्या होत्या. शेवटी त्यांना नाशिकला यावे लागले. नाशिक म्हणजे गोदावरी, पंचवटी, त्र्यंबकेश्वर, क्षेत्रच की! पुण्याच्या पेशव्याला उत्तरेचे क्षेत्र आणि ग्वाल्हेरच्या बाईंना दक्षिणेचे क्षेत्र. कंपनीची भूगोलाची जाण पक्की होती. दोघांनाही पुण्य मिळेल, पण आपल्या माणसांत राहून नाही. बायजाबाई मात्र नाशिकात कायमच्या राहिल्या नाहीत; काही वर्षांनी त्या पुन्हा उत्तरेत परतल्या आणि १८६३ मध्ये वारल्या.

ज्यांनी ही निवृत्तीची गावे वाटली त्यांनी स्वतःसाठी काय निवडले? माल्कमच्या नशिबी निवृत्ती फारशी नव्हतीच. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर असताना त्याने महाबळेश्वरचे गाव वसवले. तिथल्या पेठेला त्याचे नाव बराच काळ होते. आजारी इंग्रजांना विलायतेला न पाठवता इथेच बरे करता यावे, असा त्यामागे उद्देश होता. डोंगरावरच्या या ठाण्यांनी इंग्रजांचा एक जुना हिशेब थोडा बदलला, पण थोडाच. उन्हाळ्यापुरते महाबळेश्वर, उटी, सिमला; म्हातारपणाला मात्र विलायत. हिंदुस्थानात पेन्शन मिळवलेल्या साहेबांची चेल्टनहॅम, बाथ यांसारख्या औषधी पाण्याच्या गावांत गर्दी झाली ती यामुळेच. तिथे स्वस्ताई होती, मुलांना शाळा होत्या, आणि मुख्य म्हणजे ‘अमक्या साली मी पुण्याला होतो’ असे म्हटल्यावर ऐकून घेणारे शेजारी होते. माल्कम परतल्यावर पार्लमेंटात बसला आणि १८३३ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, गेला.

एल्फिन्स्टनची गोष्ट निराळी. वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी १७९६ मध्ये तो हिंदुस्थानात आला. पुण्याचा रेसिडेंट, मग पेशवाईच्या मुलखाचा कमिशनर, मग मुंबईचा गव्हर्नर; आणि नोव्हेंबर १८२७ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याने हा देश सोडला. मृत्यू नोव्हेंबर १८५९ मध्ये. म्हणजे बाजीरावाला पुण्यातून उठवणाऱ्या माणसाचे उत्तरायुष्यही बत्तीस वर्षांचेच. योगायोगच हा, त्यात काही शोधू नये. पण दोन बत्तिशा शेजारी मांडून पाहण्याचा मोह आवरत नाही. एल्फिन्स्टन आधी ग्रीस, इटली हिंडला. गव्हर्नर जनरलचे पद त्याने दोनदा नाकारले. लग्न केले नव्हते, घराण्याच्या जमिनीवर अवलंबून नव्हता. काही काळ लंडन, आणि १८४७ पासून सरे परगण्यातले हूकवुड. लंडनमध्ये माणसे आणि ग्रंथालये, सरेत शांतता आणि झाडी. वय वाढेल तसे त्याने एकातून दुसऱ्यात जाणे पसंत केले. १८४१ मध्ये त्याचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक वर्षे इथल्या विद्यार्थ्यांनी तो पाठ केला. इंग्रजी सत्तेच्या उदयावरचे पुस्तक अपुरे राहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. ज्या मुलखाबद्दल लिहिले त्या मुलखात पुन्हा पाऊल टाकावे असे त्याला वाटले असेल की नाही कोण जाणे. पण आपण राज्य केले त्या गावात सामान्य माणूस म्हणून राहायचे नाही, ही समज त्याला होती. बाजीरावावर ती लादावी लागली.

आता पुण्याकडे यावे. ‘पेन्शनरांचे पुणे’ हा शब्दप्रयोग आपण थट्टेने वापरतो, आणि त्याबरोबर डेक्कन जिमखान्यावरचे बंगले, पर्वती चढणारे कानटोपीवाले आजोबा आणि दुपारी एक ते चार बंद दुकाने डोळ्यांपुढे येतात. पण हे पुणे विसाव्या शतकात निर्माण झालेले नाही. माझ्या मते त्याची सुरुवात १८१८ मध्येच झाली. पेशवा गेला, पण त्याचे सरदार, मुत्सद्दी, इनामदार, वैदिक इथेच होते. एल्फिन्स्टनने त्यांतल्या बऱ्याच जणांच्या जमिनी आणि नेमणुका चालू ठेवल्या. दक्षिणेचा पैसा वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. सरदारांची प्रकरणे पाहण्यासाठी पुण्यात खास एजंट नेमला. काम संपलेले, पण उत्पन्न चालू असलेले, आणि ‘आमच्या वेळी’ हा विषय कधीही न संपणारे लोक एका गावात एकवटले, ते तेव्हा. राजधानीचे पेन्शनरगाव झाले. १८५२ च्या इनाम कमिशनने त्यांतल्या अनेकांचे उत्पन्न तपासायला काढले तेव्हा या गावाला पेन्शनराच्या पोटात येणाऱ्या खास भीतीची ओळख झाली.

पुढच्या पिढीचा पेन्शनर वेगळा होता. तो इनामदार नसून मामलेदार, मुन्सफ, शिक्षक, इंजिनिअर होता. पगार इंग्रजी, गाव बहुधा कोकणातले किंवा देशावरचे. १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबई-पुणे एका दिवसाचा प्रवास झाला. मुंबईत नोकरी आणि पुण्यात म्हातारपण हे गणित तेव्हापासून जमले. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वरची हवा, खडकवासल्याचे पाणी, नातवंडांना फर्ग्युसन कॉलेज, भांडायला सार्वजनिक सभा.

या पेन्शनरांचा मुकुटमणी म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जन्म मालवणचा, १८३७ मधला. डेक्कन कॉलेजातून १८९३ मध्ये निवृत्त झाले. १९२५ मध्ये पुण्यातच वारले. पुन्हा बत्तीस! त्यांच्यापुढे मालवण होते की नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कोकणातल्या माणसाच्या मनात समुद्र, माड आणि कुळाचा देव कायमच असतो. पण तेव्हाच्या मालवणचा हिशेब मांडून पाहा. मुंबईहून जायचे तर बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत ना पुस्तक येणार, ना माणूस. शिवाय भांडारकर प्रार्थनासमाजाचे. विधवाविवाहाच्या बाजूने नुसते बोलून न थांबता त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला होता. अशा माणसाला जन्मगावात म्हातारपण किती सुखाचे गेले असते? जन्मगाव आपल्याला ओळखते हा त्याचा गुण, आणि ओळखते हाच त्याचा दोष. पुण्यातही त्यांना विरोध झाला, कडवा झाला. पण इथे विरोधक होते तसे सोबतीही होते, आणि भांडण तरी छापून होत असे.

पुणे काही निर्दोष नव्हते. १८९७ मध्ये प्लेग आला, आणि मोकळ्या हवेचे गाव ओस पडले. घरे उघडून तपासली गेली, माणसे शेतांत झोपड्या घालून राहिली, रँडचा खून झाला. निवृत्तीसाठी जी निर्धोक जागा म्हणून लोकांनी निवडली होती ती काही वर्षे महाराष्ट्रातल्या सर्वांत भयग्रस्त जागांपैकी एक होती. गावाचे गुण-दोष कायमचे नसतात, हे आपले तक्ते विसरतात. भांडारकर मात्र हलले नाहीत. वैष्णव आणि शैव पंथांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९१३ मधला, म्हणजे निवृत्तीनंतर वीस वर्षांनी आलेला. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था निघाली आणि त्यांचा ग्रंथसंग्रह तिच्याकडे गेला.

तिन्ही बत्तिशा पाहिल्यावर मला एक जाणवते. एल्फिन्स्टन आणि भांडारकर यांची गावे बदलून दिली असती तरी दोघांनी बहुधा हेच केले असते, कारण त्यांच्याजवळ करण्यासारखे काम होते आणि ते काम गाठोड्यात बांधून नेता येत होते. बाजीरावाचे काम राज्य हे होते. ते पुण्यातच राहिले. म्हणून गावाचे महत्त्व त्याच्या बाबतीत सर्वांत जास्त, आणि गाव निवडण्याचे स्वातंत्र्य त्यालाच सर्वांत कमी.

पण बाजीरावावर फार दया करण्याचे कारण नाही, कारण तो एकटा गेला नव्हता. त्याच्याबरोबर आणि मागाहून दक्षिणी कुटुंबे बिठूरला गेली : भट, कारकून, आश्रित, शागीर्द, पाणक्ये, आणि ज्यांना कुणी विचारलेच नव्हते अशा त्यांच्या बायका. त्यांच्यासाठी ही निवृत्ती नव्हती, उपजीविका होती, आणि ती एका माणसाच्या श्वासाला बांधलेली होती. जानेवारी १८५१ मध्ये तो श्वास थांबला आणि कंपनीने कळवले की पेन्शन वंशपरंपरेचे नव्हते. नानासाहेबांनी अर्ज केले, विलायतेपर्यंत वकील पाठवला, उपयोग झाला नाही. १८५७ चा उठाव आणि बिठूरच्या वाड्याची राखरांगोळी ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मोरोपंत तांब्यांचा प्रवास त्या दृष्टीने पाहावा : काशीत चिमाजीअप्पाच्या पदरी, त्याच्या मृत्यूनंतर बिठूरला बाजीरावाच्या पदरी, १८४२ मध्ये मुलगी झाशीच्या राजाला दिल्यावर झाशीला, आणि १८५८ मध्ये फाशी. ती मुलगी म्हणजे राणी लक्ष्मीबाई. दुसऱ्याच्या निवृत्तीमागून फिरता फिरता हे घराणे कुठून कुठे गेले!

याच धामधुमीत पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले होते. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या आठवणी चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केल्या. ब्रह्मावर्त त्यांनी पाहिले, झाशीचा पाडाव प्रत्यक्ष पाहिला, जवळचे पैसे लुटले गेले. घरी आई-वडील थकलेले होते. त्यांना काशीला नेऊन ठेवण्याची ऐपत या भिक्षुकाजवळ नव्हती. परत येताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावर घेतली, ती चालत वरसईपर्यंत आणली, आणि आई-वडिलांना त्यांच्याच अंगणात गंगेचे स्नान घातले.